सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग जीव का घाबरतो?

बडोद्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो. मिस्टर अडतीस वर्षांचे, कारखान्यात नोकरीला. आठ महिन्यांपूर्वी अहमदाबादहून एक्सप्रेसवेने परत येताना गाडीतच धडधड सुरू झाली, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना, ‘आता मी जातो’ असं वाटलं. त्याच रात्री ईसीजी, पुढे टू-डी इको, टीएमटी, हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून अल्प्राझोलाम ही भीती शमवणारी गोळी सुरू झाली, ती अजून रोज रात्री चालू आहे. त्यानंतर तसेच पाच-सहा झटके आले. आता ते एक्सप्रेसवेवर जात नाहीत, लिफ्टमध्ये शिरत नाहीत, घरी एकटे थांबत नाहीत. खिशात गोळी आणि हातात पाण्याची बाटली कायम. सासूबाई दर शनिवारी दृष्ट काढतात. ताई विचारतात, हे नक्की काय आहे, मनाचं असेल तर छातीत का दुखतं, गोळी जन्मभर घ्यायची का, घरच्यांनी काय करायचं, आणि कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं?

ताई, आधी शब्दापासून सुरू करतो. आपण बडोद्याचे मराठी लोक एक गंमत करतो. घरात मराठी बोलतो, पण आजारपण सांगायची वेळ आली की गुजरातीत शिरतो. माझ्यासमोर बसलेले दांडिया बाजारातले आजोबा शुद्ध मराठीत बोलता बोलता मधेच म्हणतात, “डॉक्टर, गभरामण होते.” कुणाला छातीत ‘मुंझारो’ होतो, म्हणजे गुदमरल्यासारखं होतं, कुणाचा ‘गॅस वर चढतो’. मराठीत तरी काय वेगळं आहे? जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गार पडतात. यातला एकही शब्द डोक्यातला नाही, सगळे छाती-पोटाचे. म्हणून माणूस आधी हृदयाच्या डॉक्टरकडे जातो, मग पोटाच्या, मग कुणीतरी सांगतं म्हणून मानेच्या. माझ्यापर्यंत, म्हणजे मनोविकारतज्ज्ञापर्यंत, येतो तेव्हा त्याची फाइल लग्नाच्या अल्बमएवढी जाड झालेली असते.

तुमच्या मिस्टरांना जे झालं त्याचं वर्णन मला तरी पॅनिक अटॅकचं वाटतं. निदान असं लांबून होत नाही, ते समोर बसवूनच करायचं असतं. पण चित्र ओळखीचं आहे. ध्यानीमनी नसताना भीतीची लाट येते, काही मिनिटांत, फार तर दहाएक मिनिटांत शिखराला पोचते आणि मग ओसरते. धडधड, घाम, थरथर, गुदमरणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, मुंग्या, आपण आपल्यात नाही असं वाटणं, वेड लागेल किंवा मरू अशी भीती. असा एखादा झटका आयुष्यात पुष्कळांना येतो आणि तिथेच संपतो, त्याला आजार म्हणत नाहीत. झटके पुन्हा पुन्हा यायला लागले, ‘परत आला तर?’ या धास्तीत महिना-महिना जायला लागला, किंवा त्यापायी वागणं बदललं, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. मिस्टरांचं वागणं किती बदललंय ते तुम्हीच लिहिलं आहे.

आता ‘मनाचं असेल तर छातीत का दुखतं?’ हा फार चांगला प्रश्न आहे. हा आजार काल्पनिक नाही. छातीतली धडधड खरी असते, दुखणं खरं असतं. खोटा असतो तो फक्त धोका.

घरात धुराचा अलार्म बसवला आणि तो फोडणीच्या धुरालाही वाजायला लागला, तर अलार्मचा आवाज खराच असतो ना? शरीरात असा एक अलार्म आहे. रस्त्यात म्हैस अंगावर आली तर विचार करायच्या आत आपण बाजूला उडी मारतो, ते याच यंत्रणेमुळे. मेंदूतला भीतीचा भाग इशारा देतो, अॅड्रिनॅलिन सुटतं, हृदय जोरात पंप करतं, रक्त मांड्यांकडे वळतं म्हणून हाताची बोटं गार पडतात, पचन थांबतं म्हणून तोंड कोरडं पडतं आणि पोटात गोळा येतो. लढा नाहीतर पळा, याची ती तयारी. म्हैस समोर असेल तर कुणी या धडधडीची तक्रार करत नाही. ताशी शंभरच्या वेगाने गाडीत बसलेल्या माणसाला मात्र म्हैस दिसत नाही, नुसती धडधड जाणवते. मग तो धोका आत शोधतो. म्हणजे हार्ट अटॅक!

इथून चक्र सुरू होतं. ‘हार्ट अटॅक’ हा विचारच दुसरा अलार्म होतो. धडधड वाढते, श्वास जलद होतो. जलद श्वासाने ऑक्सिजन कमी होत नाही, उलट कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो. त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरतं, रक्ताचा रासायनिक तोल सरकतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होतात. माणूस म्हणतो, श्वास पुरत नाही. तो आणखी जोरात घेतो, आणि मुंग्या आणखी वाढतात. कोविडनंतर घराघरांत कपाटात ऑक्सिमीटर पडून आहे. झटक्यात एकदा बोटाला लावून बघा, आकडा बहुधा चांगलाच दिसेल. एकदाच बघा. रोज चाळीस वेळा बघायला लागलात तर तोही आजाराचाच भाग होतो. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हे चक्र नीट मांडलं. शरीरातल्या साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावला की भीती वाढते, भीती वाढली की संवेदना वाढते.

‘गाडी चालवताना बेशुद्ध पडलो तर?’ हे प्रत्येक जण विचारतो. बेशुद्ध पडायला बहुतेक वेळा रक्तदाब खाली यावा लागतो. पॅनिकमध्ये तो बहुधा वर जातो. त्यामुळे पडल्यासारखं वाटतं पण माणूस क्वचितच पडतो. याला एक मजेशीर अपवाद आहे. रक्त किंवा सुई पाहून घाबरणारी मंडळी खरोखर पडतात, कारण त्यांचा दाब आधी चढून मग धाडकन उतरतो. त्यांना आम्ही शिथिल व्हायला शिकवत नाही, उलट हातापायांचे स्नायू आवळून धरायला शिकवतो. बाकी सगळ्या भीतींना ‘सैल सोडा’ आणि या एकीला ‘ताठ व्हा’. असो, तो विषय वेगळा.

हृदयाचा विचार आधी करायला हवा होता आणि तो झाला, हे बरं झालं. चालताना, जिना चढताना दुखत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जात असेल, खरोखर शुद्ध गेली असेल, तर ‘पॅनिकच असेल’ म्हणून घरी बसू नये. त्याखेरीज थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड जास्त चालत असेल तरी अगदी असंच धडधडतं, थरथरतं, घाम येतो. हिमोग्लोबिन बघा. दम्याचा पंप चालू आहे का, दिवसाला चहा किती, तंबाखूचा मावा किती, हे डॉक्टरांना सांगा. आणि हो, गुजरातेत दारूबंदी आहे हे मला माहीत आहे. तरी मी प्रत्येक पुरुष पेशंटला दारूचं विचारतोच, आणि उत्तर ऐकून मला कधी आश्चर्य वाटत नाही. रात्री प्यायलेली दारू तेवढ्यापुरती भीती घालवते आणि पहाटे चारला दामदुपटीने परत करते.

रिपोर्ट नॉर्मल आणि छातीत धडधड, हे कोडं जुनं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांत जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १८७१ मध्ये त्यावर लिहिलं. तरणेबांड शिपाई, छातीत दुखतं, धाप लागते, पण हृदयात दोष सापडत नाही. त्यांनी त्याला ‘चिडखोर हृदय’ म्हटलं. तेव्हा ईसीजी नव्हता. आता ईसीजी आहे, इको आहे, तरी ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळतं. ‘काही नाही’ हे निदान नव्हे. ज्याला मरण दिसलं त्याला ‘काही नाही’ म्हटलं की तो म्हणतो, यांना सापडलं नाही. मग पुढची तपासणी, पुढचे डॉक्टर.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. हा आजार झटक्यांवर जगत नाही, टाळण्यावर जगतो.

१९६० च्या सुमाराची न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातली हकिगत आमच्या शाखेत सांगतात. डोनाल्ड क्लाइन हे तिथले मनोविकारतज्ज्ञ. त्यांचे काही पेशंट दिवसातून कितीदा तरी नर्सच्या टेबलाकडे धावत, ‘मी मरतोय’ म्हणत. त्यांना इमिप्रामीन नावाचं तेव्हा नवं असलेलं औषध दिलं. काही आठवड्यांनी विचारलं तर पेशंट म्हणाले, काही फरक नाही. पण नर्सेस म्हणाल्या, फरक कसा नाही? हे आता आमच्याकडे धावत येत नाहीत! झटके थांबले होते. राहिली होती ती ‘परत येईल’ ही धास्ती, आणि तिच्यापायी एकट्याने बाहेर न पडणं. तेव्हापासून कळत गेलं की झटका ही एक गोष्ट आणि झटक्याची धास्ती ही दुसरी. औषध पहिलीवर चांगलं चालतं. दुसरी मात्र माणसाला स्वतःच्या पायाने तिथे जाऊनच घालवावी लागते.

टाळलं की काय होतं बघा. एक्सप्रेसवेचा नाका आला, धडधड वाढली, गाडी वळवून जुन्या हायवेने नेली, हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यातून मेंदू शिकला, ‘बघ, वळलास म्हणून वाचलास.’ पुढच्या वेळी भीती नाक्याच्या आधीच सुरू होते. मग अलकापुरीच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या बोगद्यात, गाडी अडकली की, मग लिफ्ट, मग सिनेमाला कडेचीच सीट, मग गर्दी नको म्हणून नवरात्रात गरबा नको. जिथून चटकन निसटता येत नाही अशी प्रत्येक जागा यादीत चढते. सहा महिन्यांत माणसाचं बडोदं चार गल्ल्यांचं होऊन जातं.

आणि टाळणं नेहमी उघड नसतं. खिशातली गोळी हे टाळणंच आहे. माझ्याकडे एकाने सहा वर्षं जपलेली एक गोळी दाखवली होती, वरचा कागद घासून कोरा झालेला, तारीख उलटून गेलेली. ती त्यांनी घेतली कधीच नव्हती. पण ती नसली तर पायरी उतरत नव्हते. पाण्याची बाटली तसलीच. सतत नाडी बघणं, प्रवासाला निघताना वाटेतली हॉस्पिटलं मनात मोजून ठेवणं, बायकोला सोबत नेणं, हे सगळं कुबड्यांसारखं. पाय धड असलेल्या माणसाला कुबडी दिली तर तो काही दिवसांनी खरंच लंगडायला लागतो.

उपचार याच्या उलट दिशेने जातो. त्याला आम्ही एक्सपोजर म्हणतो, आणि ते विचारांवर काम करणाऱ्या सीबीटी या पद्धतीतला गाभा आहे. साधारण बारा ते सोळा भेटी लागतात, कुणाला कमी. बरेचदा सुरुवात खोलीतच होते. मी पेशंटला जागच्या जागी दोन मिनिटं धावायला लावतो, फिरत्या खुर्चीत गरगर फिरवतो, शीतपेयाच्या नळीतून श्वास घ्यायला लावतो, मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतो. (गरोदरपण, फिट्स, दमा, हृदयाचा खरा आजार असेल तर हे करत नाही, आणि हे वाचून घरी करूनही बघू नका.) मुंग्या येतात, गरगरतं, धडधडतं. मग विचारतो, मेलात? एकजण म्हणाले, “नाही, पण तुम्हाला मारावंसं वाटतंय.” चालेल. जी संवेदना मरणाची चाहूल वाटत होती ती हुकमी आणता येते आणि आपली आपण जातेही, हे शरीराला कळणं हाच पहिला धडा.

मग रस्ता. अहमदाबाद-बडोदा एक्सप्रेसवे सुमारे ९३ किलोमीटरचा. त्याची भीती का वाटते ते उघड आहे. मधे वळता येत नाही, थांबायला मनाई, पुढचा एक्झिट येईपर्यंत तुम्ही त्याच्या ताब्यात. पण आणंद आणि नडियादचे एक्झिट आहेत, आणि ते आम्हाला पायऱ्यांसारखे वापरता येतात. एका गृहस्थांबरोबर आम्ही असं ठरवलं होतं: पहिल्यांदा फक्त नाक्यापर्यंत जाऊन गाडी बाजूला लावून बसायचं. मग शेजारी कुणीतरी बसवून आणंदपर्यंत जाऊन परत यायचं. मग तेच एकट्याने. मग नडियाद. मग अहमदाबाद. मग बाटली घरी ठेवून अहमदाबाद. शेवटी भर पावसात. प्रत्येक पायरी एकदा नव्हे, आठवड्यात तीन-चारदा, भीती आपोआप उतरू लागेपर्यंत. नाक्यापर्यंत जाण्यातच त्यांचे दोन आठवडे गेले, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. आणंदची पायरी एकदा फसली, ते एक्झिटआधीच घामाघूम होऊन फोनवर आले. मी म्हटलं, उद्या परत. मी त्या दिवशी सांत्वन करत बसलो असतो तर तो दिवस वाया गेला असता.

यात एक बारीक गोष्ट आहे. लोक विचारतात, तेव्हा दीर्घ श्वसन करू का, नाम घेऊ का? करा, संथ श्वास चांगला, बाहेर सोडताना आत घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. पण ‘श्वास नीट घेतला म्हणून वाचलो’ असं मनात बसलं तर श्वासाचीही कुबडी होते. हेतू भीती हाकलण्याचा नसून तिला शेजारी बसवून गाडी चालवण्याचा आहे. कागदी पिशवीत तोंड घालून श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नका, तो आता सुचवत नाहीत.

गोळ्यांचं बोलू, कारण तुमची खरी चिंता तीच दिसते. अल्प्राझोलाम वीस-तीस मिनिटांत आराम देतं, आणि तीच त्याची अडचण आहे. असर उतरला की भीती परत डोकं काढते आणि हात पुन्हा स्ट्रिपकडे जातो. रोज घेतलं तर काही आठवड्यांतच शरीराला त्याची सवय लागते. शिवाय एक्सपोजर करताना ते पोटात असेल तर शिकण्याचं श्रेय गोळीला जातं. आपल्याकडे हे औषध शेड्यूल एच-वन मध्ये आहे, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठीवरच द्यायचं आणि वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवायची. ती ओळखीने ‘पाच-दहा द्या हो’ अशी मिळते, हा भाग निराळा. पण ताई, हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. आठ महिन्यांची गोळी एकदम थांबवली तर झोप उडते, भीती दुपटीने येते, क्वचित फिटही येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी, आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने उतरवायची असते. आणि ती चालू आहे तोवर गुंगी असेल तर गाडीला हात लावायचा नाही.

पॅनिकमध्ये आणि बहुतेक चिंताविकारांत आज पहिल्यांदा दिली जातात ती एसएसआरआय गटातली औषधं: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन वगैरे. त्यांची सवय लागत नाही, पण त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी कुणी आधी सांगत नाही आणि मग पेशंट चौथ्या दिवशी औषध फेकून देतो. पहिली, ती लगेच लागू पडत नाहीत. दोन ते सहा आठवडे लागतात. दुसरी, पहिल्या आठवड्यात अस्वस्थपणा उलट वाढू शकतो, मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं होतं. म्हणून पॅनिकच्या माणसाला मी निम्म्या डोसवर सुरू करतो, एस्सिटालोप्राम असेल तर पाच मिलिग्रॅम, आणि हळू चढवतो. तिसरी, शरीरसंबंधांवर परिणाम होऊ शकतो, इच्छा कमी होते, वेळ जास्त लागतो. पुरुष हे विचारत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात. डोस किंवा औषध बदलून यावर मार्ग निघतो.

जन्मभर का? बहुतेकांना नाही. बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतो, मग काही आठवड्यांत हळूहळू कमी करतो. सगळ्यात जास्त बिघडतं ते तिसऱ्या महिन्यात, जेव्हा पेशंट म्हणतो, “आता मी ठणठणीत, कशाला गोळी?” औषध की थेरपी, या वादात मी फारसा पडत नाही. पॅनिकमध्ये दोन्ही चालतात. मिस्टरांसारखं टाळणं पसरलं असेल तर औषधावर थांबू नका एवढं मात्र ठामपणे सांगेन.

तुमच्या पत्रात एका ओळीत सासूबाईंबद्दलही आहे. मुलाच्या काळजीने त्यांना रात्र-रात्र झोप नाही, मान आखडलेली, जेवण जात नाही, ‘आणि हे गेली कित्येक वर्षं असंच’. ही ओळ मला मिस्टरांच्या झटक्यांइतकीच महत्त्वाची वाटली. मराठीत ‘काळजी’ हा मोठा फसवा शब्द आहे. काळजी घेणं आणि काळजी करणं यांत एका क्रियापदाचा फरक, पण आपल्या आयांना तो मान्य नसतो. काळजी केली नाही तर माया आटली असं त्यांना वाटतं. मुलगा कॅनडात असेल तर विमानाचं वेळापत्रक यांना पाठ, फोन दहा मिनिटं उशिरा आला की डोळ्यांपुढे अपघात. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं. यात झटका नसतो, म्हणून कुणी याला आजार म्हणतच नाही, ‘स्वभावच आहे’ म्हणतात. एकामागून एक विषयांची न आवरणारी काळजी सहा महिन्यांहून जास्त, बहुतेक दिवस, आणि सोबत बेचैनी, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, आखडलेले स्नायू, उडालेली झोप असं असेल तर तो जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर असू शकतो. त्यालाही औषध आहे, थेरपी आहे. सासूबाईंनाही दाखवा.

साधी काळजी कुठे संपते आणि विकार कुठे सुरू होतो? विश्वामित्रीकाठच्या सोसायट्यांमध्ये ऑगस्ट २०२४ चा पूर पाहिलेली माणसं आता पावसाळा आला की फ्रिज विटांवर चढवतात, कागदपत्रं माळ्यावर टाकतात. हे शहाणपण. त्यांच्यातलाच कुणी फेब्रुवारीत, निरभ्र आकाशाखाली, दोन-दोन वाजता उठून बाल्कनीतून नदीच्या दिशेने बघत असेल आणि दिवसा त्यामुळे काम होत नसेल, तर त्याला मदत हवी. भीती वाटण्यात काही वावगं नाही. ती धोक्याच्या मापात आहे का आणि तिच्यापायी जगणं अडलं आहे का, एवढंच आम्ही बघतो.

चिंताविकारांच्या घरात आणखीही भावंडं आहेत. चारचौघांत बोलायची, तोंडी परीक्षेची, लोक काय म्हणतील याची भीती, जी बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होते आणि ‘लाजाळू आहे’ म्हणून दुर्लक्षित राहते. कुत्रा, उंची, पाल अशी एकेकाची भीती. हात पुन्हा पुन्हा धुण्याचा ओसीडी आणि मोठ्या आघातानंतरचा पीटीएसडी हे पूर्वी याच घरात मोजत, २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणाने त्यांना शेजारी वेगळं घर दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी लोकांना यातलं काहीतरी होतं, आणि उपचार साधारण चौघांतल्या एकालाच मिळतो. स्त्रियांत प्रमाण जास्त. रक्तातून येतं का? काही अंशी. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास धरतात. उरलेलं आयुष्य शिकवतं. मुलं आईवडिलांचं टाळणं बघून टाळायला शिकतात, म्हणून मिस्टर पुन्हा लिफ्टमध्ये शिरतील तेव्हा मुलाला बरोबर न्या.

आता तुमचं काम. दृष्ट काढायला माझी हरकत नाही. मीठ-मोहऱ्यांनी कुणाचं वाईट होत नाही आणि सासूबाईंना काही केल्याचं समाधान मिळतं. अडचण तुमच्या प्रेमळ फोनांची आहे. दर अर्ध्या तासाने “पोचलात का? बरं वाटतंय ना?” या प्रत्येक फोनमधून त्यांना ऐकू येतं की काहीतरी होऊ शकतं. फोन हळूहळू कमी करा, पण त्यांना सांगून. चोरून केलं तर तो रुसवा होतो. घरी एकटं ठेवणंही तसंच वाढवत न्या, आधी खाली दूध आणायला जाण्याइतकं, मग मंदिरात जाऊन येण्याइतकं. झटका आलाच तर “काही नाही, टेन्शन नको घेऊ” म्हणू नका, आणि पंखा-पाणी-शेजारी असा गोंधळही नको. शेजारी बसा. “हे तेच आहे. आधीही आलं होतं, गेलं होतं. मी इथे आहे.” इतकंच, सावकाश आवाजात. हार्ट अटॅक नाही हे एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घेतलं असेल तर दर वेळी इमर्जन्सीत धावणं बंद करा. मात्र दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर जा.

त्यांच्या तोंडी ‘यापेक्षा मेलेलं बरं’ अशी भाषा येऊ लागली, किंवा कशातच रस उरला नाही, तर थांबू नका. चिंतेच्या मागोमाग नैराश्य बरेचदा येतं. अशा वेळी, किंवा रात्री-अपरात्री नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तरी, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट.

डॉक्टर कोण, हा तुमचा प्रश्न मी टाळतोय असं नको वाटायला. सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, कारेलीबागच्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात दाखवा, किंवा खासगीत जा. कारेलीबागचं नाव काढलं की आपल्या नातेवाइकांच्या भुवया अजून वर जातात. जाऊ द्यात. औषध लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ आणि थेरपी करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगवेगळे असू शकतात, दोघांची गरज पडेल. सायकॉलॉजिस्टना पहिल्याच भेटीत विचारा, “एक्सपोजर करून घेता का?” नुसत्या लहानपणाच्या गप्पांत तीन महिने गेले तर एक्सप्रेसवे तिथेच राहील.

जाताना ती जाडजूड फाइल न्या, चालू असलेल्या प्रत्येक गोळीची स्ट्रिप न्या, आयुर्वेदिक चूर्णं आणि ताकदीच्या गोळ्यांसकट. रिक्षाने जा. डॉक्टर आधी दोघांना बसवतील आणि मग तुम्हाला पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसायला सांगतील. बसा. आतून आवाज चढला, ते रडले, तरी उठू नका. आणि बाटली तुमच्याजवळच राहू द्या.